चर्चमधली पेटी आणि घरामागचं शेत: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत राहायला गेलेली आपली माणसं आता बरीच झालीत आणि हल्ली पत्रांमध्ये एक विषय सारखा येतोय, आपण राहतो त्या गावाचा, म्हणजे तिथल्या पॅरिशचा, इतिहास शोधायचा तर कसा. मी गेली पंधरा वर्षं माझ्या गावच्या हिस्ट्री ग्रुपमध्ये हेच काम करतेय म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला. त्यातली पाच पत्रं घेतलीत, जागेसाठी थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चार वर्षांपूर्वी समरसेटमधल्या एका छोट्या गावात घर घेतलं, जाड दगडी भिंती, बुटके दरवाजे. मागे एक शेत आहे त्याला सगळे 'ब्रिक किल्न' म्हणतात पण वीटभट्टी तिथे कुणीच पाहिलेली नाही. गावच्या हिस्ट्री ग्रुपने मला या म्हणून सांगितलं, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या त्या जुन्या जमीन-मोजदादीत, गावाचं नाव आहे ते वाचलं, तर दोन-तीन ओळींत संपलं. (एक भगिनी, समरसेट)

उत्तर: डूम्सडे बुक आत्ता बाजूला ठेवा. सगळे तिथूनच सुरू करतात, कारण १०८६ सालात आपल्या गावाचं नाव दिसलं की अंगावर काटा येतो, ते मला समजतं, पण त्यात नांगर किती, गिरणी आहे का, डुकरं चरायला रान किती आणि राजाच्या दृष्टीने किंमत किती एवढंच असतं, आणि तिथून पुढची चार-पाचशे वर्षं हाताला फारसं काही लागत नाही मग माणूस निराश होऊन सोडून देतो. तुमच्याकडे घरामागे शेत आहे, त्याला नाव आहे, तिथूनच सुरुवात करा आणि मागे मागे जात राहा.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या, तुमची पॅरिश नेमकी कोणती. पॅरिश दोन प्रकारची, एक चर्चची आणि एक सरकारी, आणि दोघींच्या हद्दी एकच असतील असं नाही. १८९४ च्या कायद्याने खेड्यांमध्ये निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या, दिवे, फुटपाथ, दफनभूमी असली कामं तिकडे गेली, आणि त्या काळात पॅरिशचे जे तुकडे इकडचे तिकडे जोडले गेले त्यामुळे आज तुमच्या पत्त्यावर एक नाव आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर शेजारच्या गावाचं नाव असं सहज होऊ शकतं. आमच्या ग्रुपमध्ये एक जण वर्षभर चुकीच्या पॅरिशचे कागद चाळत होता, म्हणून हे आधी सांगितलं.

आता शेत. तुम्हाला हवाय तो टाइद मॅप. टाइद म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, शेकडो वर्षं तो धान्य, लोकर, दूध अशा रूपात दिला जायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. १८३६ च्या कायद्याने तो पैशांत करायचं ठरलं, आणि पैशांत करायचा म्हणजे कुणाकडे किती जमीन, कसली जमीन, हे मोजायला पाहिजे, म्हणून गावोगाव सर्व्हेयर फिरले आणि प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. नकाशा वेगळा आणि त्याबरोबरची यादी वेगळी, तिला अपोर्शनमेंट म्हणतात, नंबरावरून दोन्ही जुळवायचं. यादीत मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव काय, नांगराखाली का गवताखाली का कुरण, एकर रूड पर्च मध्ये माप, आणि शेवटी चर्चला वर्षाला किती पैसे. आपल्या सातबाराची सवय असलेल्या माणसाला ही यादी अर्ध्या तासात वाचता येते, खरंच सांगते. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

तीन प्रती व्हायच्या, एक सरकारी आयोगाकडे, एक बिशपकडे, एक पॅरिशमध्ये. सरकारी प्रत आता लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हज मध्ये आहे, बाकीच्यांपैकी एखादी बहुतेक तुमच्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसमध्ये मिळते. मात्र इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशचा असा नकाशा नाही, कारण काही ठिकाणी, मिडलँड्समध्ये तर जास्तच, मोकळी शेतं कुंपणं घालून वाटली तेव्हाच टाइदचा हिशोब मिटवला होता. तिथे मग एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे त्या वाटणीचा कागद, शोधायचा. कुंपणं घालण्याआधी शेतं कशी होती ते बघायचं असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जाऊन या, तिथे अजूनही तीन मोठी मोकळी शेतं पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात, आणि त्या गावाचा १६३५ सालचा नकाशाही आहे ज्यात एकेक पट्टा काढलाय.

तुमच्या 'ब्रिक किल्न'चं म्हणाल तर नाव खरं असण्याची शक्यता भरपूर आहे. भट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धुराडं येतं, पण घर बांधायच्या जागेजवळ माती काढून, विटा रचून, तिथल्या तिथे एकदाच भाजायची पद्धत होती, काम झालं की सगळं मोडून टाकायचे, मग पाहणार कोण. शेतात एखादा खोलगट खड्डा आहे का बघा, आणि नांगरट झाल्यावर शेतकऱ्याला विचारून बांधाने चालत जा, लालसर भाजलेली माती किंवा काळपट काचेसारख्या विटांचे तुकडे दिसले तर फोटो काढून जागा नकाशावर टिपून ठेवा. उचलून घरी आणू नका. टाइदच्या यादीत हेच नाव असेल तर भट्टी त्याच्या आधीची. गावातल्या दगडी घरांची धुराडी विटांची आहेत का तेही बघा बरं का. पण शेताच्या प्रत्येक नावावर एवढा विश्वास नको, कारण गावापासून लांब असलेल्या शेताला बॉटनी बे किंवा अमेरिका म्हणायची पद्धत होती, तिथे कुणी अमेरिकेला गेलेलं नसायचं, फक्त चालून चालून पाय दुखायचे.

ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) जुने नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा, आणि आजच्या नकाशावर ते सरकवून ठेवता येतात. तुमचं शेत आज रात्रीच सापडेल.

प्रश्न: आमच्या डेव्हनमधल्या गावच्या चर्चची रजिस्टरं मी निवृत्तीनंतर उतरवून काढतोय. १६४३ ते १६६० जवळजवळ कोरं आहे. त्याच्या पुढे एका मुलाचा बाप्तिस्मा नोव्हेंबर १७११ चा आणि दफन फेब्रुवारी १७११ चं, असं कसं? शिवाय सुरुवातीची पानं लॅटिनमध्ये आणि अक्षर असं की डोळे दुखतात. (एक ज्येष्ठ वाचक, डेव्हन)

उत्तर: काका, मुलाचं आधी सांगते. तुमच्या उतरवण्यात चूक नाही, तेव्हाचं वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे डिसेंबर १७११ नंतर येणारा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे सगळं १७११ च. आपल्या हिशोबाने ते बाळ फेब्रुवारी १७१२ ला गेलं, तीन महिन्यांचं होऊन. पहिल्या वर्षी अशीच एक नोंद मी दोन वेगळी मुलं समजून लावली होती आणि आईच्या नावापुढे एक मूल जास्त झालं, ते निस्तरायला पुढे खूप त्रास झाला. म्हणून तुम्ही उतरवताना १७११/१२ असं दोन्ही लिहा, मूळ काय होतं तेही राहतं आणि वाचणाराही फसत नाही. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू झालं आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, त्यामुळे त्या महिन्यात ११ दिवस कोरे दिसले तर पान फाटलंय असं समजू नका.

कोऱ्या वर्षांचं कारण यादवी युद्ध, राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं. रजिस्टर ठेवायचा हुकूम टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला होता, दोन कुलपांच्या पेटीत ठेवायचं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याकडे. लोकांना तेव्हा वाटलं की हा नवा कर बसवायचा डाव आहे. पुढे १५९७ मध्ये हुकूम झाला की जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनच्या तरी, म्हणून इतक्या गावांची रजिस्टरं १५५८ पासूनच सुरू होतात, उतरवणाऱ्याने तेवढंच केलं. त्याच हुकुमात दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची असंही होतं. एरवी रजिस्टरात भोक दिसलं की मी पहिल्यांदा ह्या बिशपच्या नकलाच बघायला सांगते, पण तुमच्या वर्षांसाठी तो रस्ता जवळजवळ बंद आहे, कारण १६४६ मध्ये बिशपपदच रद्द झालं आणि १६६० पर्यंत नकला जाणार कुणाकडे. १६५३ नंतर तर नोंदीचं काम पाद्र्याकडून काढून निवडलेल्या माणसाकडे दिलं आणि लग्नं मॅजिस्ट्रेटपुढे लागायला लागली, तेव्हाची वेगळी वही कुठे पडलीय का ते रेकॉर्ड ऑफिसला विचारा, काही गावांत ती मागच्या पानांवर उलटी लिहिलेली असते.

ती नाही मिळाली तर त्या काळातली माणसं दुसऱ्या बाजूने गाठायची. १६४१-४२ मध्ये १८ वर्षांवरच्या पुरुषांकडून शपथ घेतली होती त्या याद्या डेव्हनच्या चांगल्या टिकल्यात. १६६२ पासून १६८९ पर्यंत चुलीवर कर होता, दर चुलीला वर्षाला २ शिलिंग, त्यात घरोघरच्या चुली मोजल्यात, म्हणजे कोण श्रीमंत कोण साधा हे एका नजरेत कळतं. मृत्युपत्रांच्या बाबतीत मात्र डेव्हनकरांचं नशीब फार वाईट. १९४२ च्या मे महिन्यात एक्सेटरवर बॉम्ब पडले त्यात तिथल्या प्रोबेट कचेरीतली (मृत्युपत्रं सिद्ध करायची कचेरी) हजारो मृत्युपत्रं जळून गेली. कँटरबरीच्या कोर्टात सिद्ध झालेली तेवढी क्यूला आहेत, ती घरबसल्या शोधता येतात, जरा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचीच जास्त असतात पण बघा.

लॅटिनला घाबरू नका, तीच तीच दहा-पंधरा वाक्यं असतात. फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया मुलगी, सेपुल्टस म्हणजे पुरला. नावं तेवढी सांभाळा, याकोबस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मस म्हणजे विल्यम. १७३३ पासून सगळं इंग्रजीत झालं. आणि अक्षराचं म्हणाल तर शेवटून वाचत या. १८०० चं अक्षर तुम्हाला वाचता येतं, तिथून एकेक पान मागे जायचं, आडनावं तीच असतात त्यामुळे डोळा बसत जातो. त्या जुन्या वळणात सी हे अक्षर आरसारखं दिसतं, ई पाठ फिरवून बसलेली असते, एचचं शेपूट ओळीच्या खाली लोंबतं. ज्या लेखनिकाचं पान असेल त्याच्या अक्षरातली अख्खी एबीसीडी एका कागदावर काढून शेजारी ठेवा, मोडी शिकताना आपण बाराखडी ठेवतो तशी. नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट धडेही आहेत.

अजून एक, १७८३ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर बसला, गरिबांना माफ. त्यामुळे त्या दहा-अकरा वर्षांत काही नावांपुढे पी किंवा पॉपर, म्हणजे कंगाल, लिहिलेलं दिसेल, ते खरंच भिकारी होते की पाद्र्याने कर वाचवायला मदत केली हे नुसत्या रजिस्टरवरून ठरवू नका. आणि सप्टेंबर १७८३ मध्ये एकाच आठवड्यात मोठमोठ्या भावंडांचे बाप्तिस्मे दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, कर लागायच्या आत सगळ्यांनी उरकून घेतले.

प्रश्न: मावशी, मी सफोकमध्ये ए लेव्हलला आहे, इतिहासाचा प्रोजेक्ट आमच्या गावावर करतेय. ओव्हरसीअरच्या, म्हणजे गरिबांना मदत वाटणाऱ्याच्या, हिशोबवहीत एक विधवा सापडली, १७९४ ते १७९६ तिला दर आठवड्याला पैसे, मुलाला बूट, एकदा सरपण, आणि मग एकदम नाव बंद. ती कुठे गेली हे कळू शकेल का? सर म्हणाले की गरिबांचा इतिहास मिळत नाही. (एक विद्यार्थिनी, सफोक)

उत्तर: मिळतो गं, आणि कधी कधी मधल्या शेतकऱ्यापेक्षा जास्त मिळतो. ज्याच्यावर गावाला खर्च करावा लागला त्याची नोंद करावीच लागायची. स्वतःच्या जिवावर नीट जगलेला माणूस बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्या तीन ओळींत संपतो आणि तुझी विधवा बघ, तिच्या मुलाच्या पायात बूट कुठल्या महिन्यात आले ते तुला माहिती आहे.

आधी वही कशी चालायची ते समजून घे. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब आपण सांभाळायचे. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास ओव्हरसीअर नेमायचे, गावातलेच शेतकरी, पगार नाही, त्यांनी घरपट्टीसारखा कर गोळा करायचा आणि वाटायचा आणि वर्षाच्या शेवटी हिशोब द्यायचा. म्हणजे देणारा आणि घेणारा रविवारी एकाच चर्चमध्ये बसायचे. ओळखीच्या माणसाकडून मागायचं आणि ओळखीच्या माणसाने नाही म्हणायचं, हे मनात ठेवून वही वाच. आमच्या गावच्या वहीत एका पानावर एका म्हाताऱ्याच्या नावावर आधी सरपण आहे, मग रात्री जवळ बसणाऱ्या बाईला पैसे, मग पुन्हा बसणाऱ्या बाईला, मग कफन शिवायला, मग पेटी, मग खांदेकऱ्यांना ब्रेड, चीज आणि बिअर. मेला असं कुठेच लिहिलेलं नाही. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा रेकॉर्ड ऑफिसमध्ये बराच वेळ नुसती बसून होते.

तुझी सालं बघ, १७९५ म्हणजे गव्हाचे भाव भडकलेले. त्याच वर्षी मे महिन्यात बर्कशरमधल्या स्पीनहॅमलँडला मॅजिस्ट्रेट जमले आणि ब्रेडचा भाव आणि घरातली तोंडं बघून मजुरीत भर किती घालायची त्याचं कोष्टक त्यांनी ठरवलं. सगळीकडे तेच कोष्टक लागू झालं असं नाही, पण तुझ्या गावचा आठवड्याचा खर्च त्या वर्षी किती वाढला ते बेरीज करून काढ, चांगलं एक प्रकरण होईल.

आता ती गेली कुठे. आधी दफनाचं रजिस्टर बघ, मग लग्नाचं, कारण विधवेने पुन्हा लग्न केलं तर ती नवऱ्याची जबाबदारी. १७५४ पासून लग्नाची छापील पानं आहेत, सही किंवा फुली करायची, तिची फुली सापडली तर तीही बघून घे, तिने स्वतःच्या हाताने केलेली तेवढीच एक गोष्ट असेल. दोन्हीकडे नसेल तर तिला गावातून काढलं असेल. १६६२ च्या कायद्यापासून प्रत्येक माणसाची एक हक्काची पॅरिश असायची, तिला सेटलमेंट म्हणायचे, आणि दुसऱ्या गावावर भार पडला की तिकडे पोचवून द्यायचे. ही सेटलमेंट कशी मिळायची ते महत्त्वाचं आहे. वडिलांची मुलांना, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची, शिकाऊ म्हणून राहिलास तिथली, लग्न न झालेल्याने एका मालकाकडे पूर्ण वर्षभर चाकरी केली तर तिथली, वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेतली तर तिथली. म्हणून काही शेतकरी गड्याला मुद्दाम ५१ आठवडेच ठेवायचे.

तुझी विधवा म्हणजे नवऱ्याची सेटलमेंट. तेव्हा तिच्यापेक्षा तिचा नवरा कुठला हे शोध. ते कळलं की त्या दुसऱ्या पॅरिशचे कागद बघ, कारण रिमूव्हल ऑर्डरच्या, म्हणजे गावातून काढायच्या हुकुमाच्या, प्रती दोन्ही गावांत जायच्या आणि तुमच्याकडची हरवली तरी तिकडची टिकलेली असू शकते. दोन गावं भांडली असतील तर काउंटीच्या क्वार्टर सेशन्सच्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाच्या, कागदांत सापडेल. तिची किंवा नवऱ्याची जबानी मिळाली तर मला नक्की कळव, त्याला एक्झॅमिनेशन म्हणतात, दोन मॅजिस्ट्रेटपुढे माणूस जन्मापासूनचं सांगतो, कुठे जन्मलो, कितव्या वर्षी कुणाकडे कामाला लागलो, किती पगार, कधी लग्न झालं. मजुराचं आत्मचरित्र म्हणशील तर एवढंच असतं. मुलालाही विसरू नको, पॅरिश अशा मुलांना शिकाऊ म्हणून बांधून द्यायची, १७७८ नंतर मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत, त्याचा करारनामा वेगळ्या गठ्ठ्यात असतो.

आणि एक लक्षात ठेव, १७९५ मध्ये कायदा बदलला आणि प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कुणाला काढता येईना, पण लग्नाशिवाय गरोदर असलेल्या बाईला मात्र तशीच काढता यायची, कारण बाळ जिथे जन्मेल त्या गावाच्या गळ्यात पडेल. अशा बायकांना अवघडलेल्या अवस्थेत गाडीत घालून हद्दीपार पोचवल्याचा गाडीभाड्याचा खर्च तुला वहीत दिसेल. ते वाचून राग येतो, यायलाच पाहिजे. तो खर्च प्रोजेक्टमध्ये आकड्यासकट लिही.

प्रश्न: आमची मुलगी नॉरफोकमध्ये राहते, तिच्या गावच्या चर्चमध्ये भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे, बॉम्बे आर्मीमधला तरुण ऑफिसर, १८१७ ला खडकीच्या लढाईत मेला असं लिहिलंय. फोटो बघितल्यापासून डोक्यातून जात नाही. भारतात बसून त्याच्याबद्दल काही शोधता येईल का? (एक वाचक)

उत्तर: येईल. ईस्ट इंडिया कंपनीत कॅडेट म्हणून भरती होताना मुलाला आपल्या पॅरिशच्या रजिस्टरातला बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागायचा, आणि ते कॅडेट पेपर्स लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. म्हणजे नॉरफोकच्या पाद्र्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद तिथे पडलेला असण्याची शक्यता आहे. त्याच दप्तरात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी एन ३ ह्या मालिकेत आहेत. एफआयबीआयएस म्हणून ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणारी संस्था आहे, तिच्या साइटवर नाव टाकून फुकट शोधता येतं, तिथूनच सुरू करा.

मुलीला दोन कामं सांगा. पाटीचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घे, आणि पाटी कुणी लावली ते शेवटच्या ओळीत बघ, आई, बहीण, की रेजिमेंटमधले मित्र. मुलगा तिकडेच पुरलेला आणि कुटुंबाकडे इथे फक्त ही भिंत, त्यामुळे लावणाऱ्याचं नाव मला नेहमी जास्त बोलकं वाटतं. बाहेर कबरीवर आईवडील सापडले तर दगड घासायचा नाही, खडू लावायचा नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. त्या घराण्याची जमीन गावात होती का ते टाइदच्या यादीत कळेल, पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं.

प्रश्न: मी लिंकनशरमध्ये आठ वर्षं राहतेय. जुन्या लोकांशी बोलून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात असं मनात आहे, पण मी बाहेरची, माझे उच्चारही वेगळे. त्यांना आवडेल का? आणि विचारायचं काय? (एक वाचक मैत्रीण)

उत्तर: तुम्ही बाहेरच्या आहात ह्याचा इथे फायदा होतो, मी स्वतः अनुभवलंय. गावातल्याच माणसाला ते सांगत बसत नाहीत, त्याला माहितीच आहे असं धरून चालतात, आणि तुम्ही विचारलं की बटाटे काढायला शाळेला सुट्टी असायची म्हणजे नेमकं काय तर ते पहिल्यापासून नीट सांगतात. फक्त मोकळ्या हाताने जाऊ नका. कागद घेऊन जा, कागदावर बोलणं सुरू होतं.

मी नेते ती गोष्ट म्हणजे शाळेच्या लॉगबुकमधलं एखादं पान. १८६२ पासून सरकारी ग्रँट मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेवर ठरायला लागली म्हणून हेडमास्तरला रोज लिहावं लागायचं, आज मुलं कमी आली, कापणी चालू आहे, गोवर आलाय, रस्त्यात बर्फ आहे. अलीकडची, शंभर वर्षांच्या आतली पानं सहसा बघायला देत नाहीत, त्यात मुलांची नावं असतात आणि ते बरोबरच आहे, पण जुन्या पानावर आजीआजोबांची आडनावं दिसली की समोरचा माणूस आपोआप बोलायला लागतो. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला शेतांचा सर्व्हे, १९४१ ते ४३, प्रत्येक शेताचा फॉर्म, घोडे किती, ट्रॅक्टर आहे का, वीज आहे का, पाणी कुठून, उंदीर-घुशी आहेत का, आणि शेतकरी ए, बी की सी दर्जाचा. तो दर्जा दाखवताना मात्र सांभाळून, कुणाच्या वडिलांना सी मिळालेला असतो आणि ऐंशी वर्षांनंतरही ते लागतं. मी एकदा न बघता फॉर्म पुढे केला आणि समोरची आजी गप्प झाली ती त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही. पुढच्या वेळी मी नुसतीच चहाला गेले, रेकॉर्डर घरी ठेवून.

१९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१ ची बघता येते, आणि मग युद्ध सुरू झाल्यावर घरोघरी केलेल्या नोंदीचं २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, त्यानंतर घरोघरचं सगळं बंद. म्हणजे तीस आणि चाळीसच्या दशकातलं गाव कागदावर फार पातळ आहे आणि ते ज्यांच्या डोक्यात आहे त्यातली बरीच माणसं आता नव्वदीत आहेत. तेव्हा थंडी संपायची वाट बघू नका.

विचारताना वर्षं विचारू नका, वर्षं कुणालाच आठवत नाहीत. स्वयंपाकघरातून सुरू करा, पाणी कोण आणायचं, आंघोळ कुठे, डुक्कर कधी मारायचे आणि मग कुणाकुणाच्या घरी वाटे जायचे. वाटे कुणाकडे जायचे ते विचारलं की अर्ध्या गावाचं नातं कळतं. आधी लेखी परवानगी घ्या, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकू शकेल, हे त्यांच्यासमोर ठरवा, आणि एक प्रत त्यांच्या घरी द्या. फोटो दाखवले तर प्रत्येक फोटोच्या मागच्या बाजूला पेन्सिलने नावं लिहून घ्या, त्याच बैठकीत, कारण पुढच्या वेळी ती सांगणारी व्यक्ती असेलच असं नाही. आणि शेतांची नावं विचारायला विसरू नका. नकाशा पसरून एकेका तुकड्यावर बोट ठेवायचं आणि ह्याला घरी काय म्हणायचे एवढंच विचारायचं, बाकी ते बोलतील.